नाव न छापता मी एका माणसाचं नाव गावभर केलं

सुरुवातीलाच एक विनंती. ही पोस्ट वाचून "हा माणूस कोण?" असं कमेंटमध्ये विचारू नका, आणि ओळखलंत असं वाटलं तरी लिहू नका. त्यांचं काम, वर्ष, जागा मी बदललीय. त्यांच्या हातात लोकांचा जीव असायचा एवढंच तसंच ठेवलंय. पोस्ट टाकायच्या आधी त्यांना भेटून वाचून दाखवली. दोन वाक्यं काढा म्हणाले, ती काढली. नाव लिहायचं नाही म्हणून नुसतं "ते" म्हणतो.

रविवारची सकाळ. सातच्या सुमाराला माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट आला. खाली लिहिलेलं, "साहेब, बातमी करा. पोरांच्या जिवाशी खेळ चाललाय."

स्क्रीनशॉट होता व्यसनमुक्तीच्या एका ग्रुपमधला. दारू सोडलेले आणि सोडू बघणारे आपल्या भागातले साठ-पासष्ट लोक त्यात होते. रात्री पावणेबाराला त्यांनी लिहिलं होतं की आज परत घेतली, अकरा महिने पाण्यात गेले, घरी सांगायची हिंमत होत नाही, कुणी जागं आहे का. खाली तिघांची उत्तरं होती. एकानं लिहिलेलं, "मी जागा आहे, लाव फोन."

ते शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे.

मला वाटलं, बातमी आहे. सोमवारच्या अंकात आली. "शाळेच्या व्हॅनचा चालक मद्यपी? पालकांत चिंता." शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं, की आपण सुटलो. त्यांचं नाव दिलं नाही, शाळेचं दिलं नाही, नुसतं "शहरातील एका शाळेच्या" असं लिहिलं. पत्रकारितेच्या डिप्लोमात नाव गुप्त ठेवण्याबद्दल जे शिकलो होतो ते पाळलं, असं समजून मी चहा प्यायला गेलो.

आपल्या गावात व्हॅन किती? नऊ. त्यातल्या कुणाला पूर्वी दारूचा नाद होता, हे कुणाला माहीत नाही? चहा संपायच्या आत टपरीवर त्यांचं नाव निघालं. दुपारपर्यंत मालकानं गाडीची चावी काढून घेतली. "पालकांत चिंता" असं मी लिहिलं तेव्हा एकाही पालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती चिंता माझ्या बातमीनंतर सुरू झाली.

मी काय विचारलं नाही ते आता सांगतो. शनिवारी रात्री घेतली, रविवारी व्हॅन बंद. पिऊन त्यांनी कधी गाडी चालवली होती का? विचारलं नाही. सोमवारी काढणार होते का? विचारलं नाही. त्यांना एक फोनसुद्धा केला नाही, कारण फोन केला असता तर बातमी कदाचित उरली नसती.

काम गेलं. महिनाभर ते घराबाहेर पडले नाहीत आणि त्या महिन्यात पुन्हा पूर्ण पिण्यात गेले. हे सगळं माझ्यामुळंच झालं असं म्हणणं सोपं आहे, माझ्यामुळं काहीच झालं नाही असं म्हणणं त्याहून सोपं आहे. खरं या दोन्हीच्या मधे कुठंतरी आहे.

पण ग्रुपचं जे झालं ते मला बरंच नंतर कळलं. आठवड्याभरात वीसेक जण बाहेर पडले. जे राहिले ते "शुभ सकाळ" आणि फुलांचे फोटो टाकायला लागले. तिथल्या अ‍ॅडमिननं मला सांगितलं, "ग्रुप चालू आहे हो. पण आता तिथं कुणी खरं बोलत नाही."

नुकसान मोजायचं तर ते इथं मोजावं. एका माणसाची बदनामी झाली हे दिसलं. साठ माणसांची रात्री पावणेबाराला बोलायची जागा गेली, ते कुणाला दिसलं नाही.

मंडळी, आज हे लिहायचं कारण म्हणजे असे ग्रुप आता गावोगाव आहेत. दारूचे आहेत, कॅन्सरच्या पेशंटचे आहेत, मूल होत नाही अशा जोडप्यांचे, एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे, नैराश्याशी झगडणाऱ्यांचे, मतिमंद मुलांच्या आयांचे, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांचे. आणि ते हवेतच. तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नाही, जिल्ह्याला जायचं तर एसटीनं दीड तास आणि अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. रात्री जिवाची घालमेल होते तेव्हा उत्तर देणारा माणूस त्याच रस्त्यानं गेलेला असेल तर त्याचा आधार वेगळाच असतो.

ही पद्धत मोबाइलनं आणलेली नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. तिच्या नावातच अनामिक हा शब्द आहे. आडनाव सांगायचं नाही, इथं कोण दिसलं आणि काय ऐकलं ते इथंच सोडून जायचं, असा रिवाज. पेपरात, रेडिओवर सदस्यांची ओळख उघड करायची नाही हेही त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं. आपल्याकडं पुण्यात १९८६ साली मुक्तांगण उभं राहिलं. तिथं उपचारानंतरही माणसं एकमेकांना धरून राहतात, कारण दारू सुटणं वेगळं आणि सुटलेली टिकवणं वेगळं. ते टिकवायला सोबती लागतात आणि सोबत्यांवर भरवसा लागतो.

पण खोलीतली बैठक आणि मोबाइलवरचा ग्रुप यात फरक आहे. बैठकीतलं कुणी बाहेर सांगितलं तर ती ऐकीव गोष्ट असते, "मी असं म्हणालोच नाही" असं म्हणता येतं. स्क्रीनशॉट हा पुरावा होतो. तारीख, वेळ, नंबर, डीपी सगळं त्याच्यावर. वर्षभरानं, पाच वर्षांनी, मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तो कुणीही काढून दाखवू शकतो.

लोक म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे, मधलं कुणी वाचू शकत नाही. बरोबर आहे. पण आपल्या गावात मधल्या माणसाची भीती कधीच नव्हती. भीती आहे ती पलीकडं ज्याच्या हातात फोन आहे त्याची, त्याच्या खांद्यावरून बघणाऱ्या मेव्हण्याची, आणि फोन दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर पासवर्ड लिहून देतो त्या दुकानाची.

आणि नंबर म्हणजे नुसता नंबर राहिलेला नाही. ट्रूकॉलरवर टाका, नाव येतं. यूपीआयच्या अ‍ॅपवर पैसे पाठवायला म्हणून तोच नंबर टाका, बँकेतलं पूर्ण नाव आडनावासकट येतं. डीपीला मुलांचा फोटो, मागं शाळेचा फलक. मुंबईत एखादा माणूस "ठाण्याला राहतो, रिक्षा चालवतो" म्हणाला तर तो हजारोंत लपतो. आपल्याकडं "स्टँडच्या मागं राहतो, मुलगी बारावीला" एवढं पुरतं. नाव गाळलं म्हणजे ओळख गेली हा शहरातला हिशेब आहे. गावात माणूस तीन तपशिलांत सापडतो. माझ्या बातमीत दोनच होते.

मोठ्या ठिकाणीही हे झालंय. २०१० साली अमेरिकेत पेशंट्सलाइकमी या रुग्णांच्या संकेतस्थळावर, मनाच्या आजारांबद्दल लोक आपसांत बोलायचे त्या भागात, बाजाराची पाहणी करणाऱ्या एका कंपनीचं खातं शिरलं आणि लोकांनी लिहिलेलं सगळं यंत्रानं खरवडून नेऊ लागलं. २०१८ साली आनुवंशिक स्तनाच्या कॅन्सरचा धोका असलेल्या बायकांच्या फेसबुक ग्रुपमधल्या एकीच्या लक्षात आलं, की ग्रुप "क्लोज्ड" असला तरी सदस्यांची यादी बाहेरच्याला उतरवून घेता येते. त्या बायकांनी आवाज उठवला. त्यानंतर क्लोज्ड ग्रुपची यादी बाहेरच्यांना दिसणं बंद झालं. २०२० साली तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या कितीतरी लिंक गूगलवर शोधून सापडत होत्या. लिंक सापडली की कुणीही आत.

मग कायदा काय करतो? कायदा आहे, पण तो कुठं पोचतो ते नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही असं त्यात स्पष्ट आहे, आणि डिजिटल माहितीलाही ते लागू आहे. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा आणखी पुढं जातो. विश्वासानं सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्हीची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय कुणीही उघड करायची नाही. त्यात तुम्ही-आम्ही सगळे आलो.

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण एखादी व्यक्ती स्वतःच्या घरगुती, खासगी कामासाठी जी माहिती हाताळते तिला तो लागू नाही. म्हणजे संस्थेनं फॉर्म भरून घेतले तर संस्था बांधील. चार ओळखीच्यांनी मिळून काढलेला ग्रुप बहुधा त्याच्या बाहेरच. अ‍ॅडमिनचं म्हणाल, तर सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, सामाईक हेतू नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली म्हटलंय. ते योग्यच आहे. नाहीतर कुणी अ‍ॅडमिन होणारच नाही.

थोडक्यात, रात्री पावणेबाराच्या त्या मेसेजला वाचवायला पोलीस येणार नाहीत. ते काम ग्रुपनं आणि गावानंच करायचंय.

आता एक प्रश्न मला हमखास विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. "पोरं ज्या गाडीत बसतात तिचा ड्रायव्हर पितो हे लपवून ठेवायचं?" नाही. अजिबात नाही. माझी स्वतःची मुलगी व्हॅननं जायची. स्क्रीनशॉट फोडणाराही काही खलनायक नव्हता. तो त्याच ग्रुपमधला, चार वर्षं दारूपासून लांब, आणि त्याचा पुतण्या त्याच व्हॅनमध्ये. घाबरून त्यानं मेव्हण्याला पाठवला, मेव्हण्यानं आणखी तिघांना, तिथून तो माझ्याकडं.

पण त्याच्यापुढं दुसरा रस्ता होता. रात्रीच फोन करायचा. सकाळी भेटून विचारायचं, "सोमवारी गाडी काढणार? दोन दिवस दुसरा ड्रायव्हर देऊ या का?" ऐकलं नसतं तर अ‍ॅडमिनला घेऊन मालकाकडं जायचं आणि "सोमवारी गाडी देऊ नका" एवढंच सांगायचं. पोरं सुरक्षित राहिली असती, आणि ग्रुपमधलं कुणाचंच काही बाहेर आलं नसतं. धोका टाळायला जेवढं सांगावं लागतं तेवढं, ज्याला सांगावं लागतं त्यालाच. त्याच्या पुढचं सगळं चघळणं. मीही तेच केलं, फक्त छापून.

आणि उलटा विचार करा. ते ग्रुपमध्ये लिहीत होते तोवर ते प्याले हे निदान साठ लोकांना कळत होतं. आता ते कुणालाच कळत नाही. गाव जास्त सुरक्षित झालं का?

दुसरा आक्षेप चांगल्या माणसांकडून येतो. "लपवायचं कशाला? आजार म्हणजे पाप आहे का? उघड बोला, म्हणजे कलंक जाईल." मान्य. जे उघड बोलतात त्यांच्यामुळंच वाट रुंद झालीय. पण उघड कधी व्हायचं, कुणापुढं व्हायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पोरीचं लग्न व्हायचंय, कंत्राटी नोकरी आहे, भाड्याचं घर आहे, असल्या माणसाच्या जिवावर आपण कलंक पुसायला निघू नये.

आता कामाचं सांगतो. ग्रुप चालवणाऱ्या दोघातिघांशी बोलून आणि स्वतः ठेच खाऊन जे कळलं ते असं.

१. कुणालाही परस्पर अ‍ॅड करू नका. आधी एकट्याला विचारा, मग लिंक द्या, आणि लिंक अधूनमधून रीसेट करा. आपल्याला कुणी अ‍ॅड करावं हे व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ठरवता येतं, ते प्रत्येकानं लावून घ्या.

२. ग्रुपचं नाव साधं ठेवा. "व्यसनमुक्ती" किंवा "एचआयव्ही आधार" असं नाव लॉक असलेल्या स्क्रीनवरही चमकतं आणि घरातल्या पाहुण्याला दिसतं. "सकाळची मंडळी" म्हटलं तरी काम चालतं.

३. नंबरचा विचार करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो. टेलिग्रामवर नंबर लपवून टोपणनावानं राहता येतं. जमत असेल तर ग्रुपसाठी वेगळं सिम. निदान डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा.

४. लिहिताना तीन तपशील एकत्र येऊ देऊ नका. "कामावर त्रास झाला" पुरे, कामाचं ठिकाण नको. बायकोचं, मुलाचं, डॉक्टरचं नाव नको. आपल्या गोष्टीत दुसऱ्याचीही गोष्ट असते, आणि त्याला आपण विचारलेलं नसतं.

५. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू करा. अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू केली की चॅट एक्सपोर्ट करता येत नाही. पण स्क्रीनशॉट यानं थांबत नाही, आणि दुसऱ्या फोननं फोटो काढणारा कशानंच थांबत नाही. म्हणून नव्या माणसाकडून आधी तोंडी कबुली घ्या की इथलं इथंच. आपल्याकडं शब्दाला अजून थोडी किंमत आहे.

६. याद्या करू नका. नाव, पत्ता, आजार, आधार नंबर असली एक्सेल शीट लागतेच कशाला? जी यादी केलीच नाही ती फुटत नाही.

७. अपवाद आधीच सांगून ठेवा. कुणी जीव द्यायचं लिहिलं तर अ‍ॅडमिन गप्प बसणार नाही, घरच्या एका माणसाला कळवणार, हे आत येतानाच सांगा आणि तो माणूस कोण हे त्याच्याकडूनच विचारून घ्या. टेलिमानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास आहे. जिवावर बेतलं तर ११२.

८. आणि फुटलंच तर? पहिला फोन ज्याचं फुटलं त्याला. बहुतेक ग्रुप आधी "कुणी केलं" हे शोधत बसतात आणि त्या माणसाला बातमी चौकात कळते. त्याला विचारा, तुला काय हवंय. मग बाकीचं.

आता माझ्या जातभाईंसाठी, म्हणजे आम्हा पत्रकारांसाठी. ग्रुपमधला स्क्रीनशॉट हा बातमीचा शेवट धरू नका. फार तर तिथून चौकशी सुरू होते. त्या माणसाशी बोलल्याशिवाय एक ओळ लिहू नका. नाव गाळल्यावर मजकूर गावातल्याच कुणाला तरी वाचायला द्या. त्यानं ओळखलं तर गाव ओळखणार.

पुढाऱ्यांनाही सांगणं आहे. वाढदिवसाला क्षयरुग्णांना पोषण आहाराच्या पिशव्या वाटता, चांगलं काम आहे. पण मग पिशवी हातात धरलेल्या रुग्णाचा चेहरा आणि खाली नाव टाकून तो फोटो आम्हाला का पाठवता? पिशवी घ्यायची तर फोटो द्यावा लागेल असं ज्याला वाटतं, त्याच्या होकाराला संमती म्हणत नाहीत. असे फोटो मीही वर्षानुवर्षं छापले. आता परत पाठवतो. दोघे जण नाराज झाले, होऊ देत.

शेवटचं. ही पोस्ट लिहायच्या आधी त्यांच्या घरी गेलो तेव्हा दारातच उभं करतील असं वाटलं होतं. बसा म्हणाले. वहिनींनी चहा दिला, बोलल्या काही नाहीत. मी वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे, साहेब. लिहा. पण तुमची चूक लिहा, माझी नको."

तेवढंच लिहायचा प्रयत्न केलाय.

निघताना कळलं की ते आता परत एका ग्रुपमध्ये आहेत. कुठल्या ते मी विचारलं नाही.

पटलं तर शेअर करा. मात्र कुणाला टॅग करू नका. "हे बघ, तुझ्या कामाचं आहे" म्हणून या पोस्टवर एखाद्याला टॅग करणं म्हणजे त्याचंही नाव गावभर करणं झालं. वाटलं तर त्याला घरी जाऊन वाचून दाखवा.